बाफल्यांनंतरची झोप

प्रिय अण्णा,

वडिलांना पत्र लिहायचं तर सुरुवात शिरसाष्टांग नमस्काराने करायची, हे तुम्हीच शिकवलंत. पण सध्या मला वाकायची मनाई आहे. जांघेतून एक बारीक नळी घालून पार हृदयापर्यंत नेली होती, ती जागा अजून ठणकते. तेव्हा या खेपेला नमस्कार उभ्यानेच घ्या, आणि रागवायचं असेल तर आधी सगळं ऐकून घ्या.

तुमची दहावी पुण्यतिथी झाली आणि मी देवासला आले नाही. त्या दिवशी मी इंदूरला हॉस्पिटलात होते. प्रकाशने घरी सगळं रीतसर केलं. भाऊ म्हणून मला त्याचा कितीही राग येवो, तुमच्या बाबतीत तो कुठे कमी पडत नाही. पण गच्चीवर पान ठेवलं आणि कावळा काही येईना. सगळे काव काव करून दमले. शेवटी काकू म्हणाल्या, "शोभा आली नाही ना, म्हणून भाऊजी रुसलेत." प्रकाशने हे मला फोनवर सांगितलं आणि मी पलंगावर पडल्या पडल्या इतकी चिडले, की नर्स विचारायला आली, काय झालं म्हणून!

तुम्ही आणि भरल्या पानावर रुसणार? अण्णा, तुम्ही माझ्यावर रुसलात, आईवर रुसलात, एकदा तर कारखान्याच्या मॅनेजरवर रुसून आठवडाभर त्याच्याशी बोलला नाहीत. पण जेवणावर? कधीच नाही. देवासच्या कावळ्यांना सकाळपासून पोह्यांच्या गाड्यांपाशी शेव मिळते, ते कशाला दुपारी गच्चीवर येतील? मी काकूंना तसं सांगणार होते. प्रकाशने फोन ठेवला.

म्हणून हे पत्र. काकूंची बाजू तुमच्यापर्यंत पोचली असेल, तर माझीही पोचू दे. मराठीत लिहिते आहे, म्हणजे घरातल्या मुलांपासून ते सुरक्षितच आहे. तुमची नात मराठी बोलते फर्डी, पण हातात कागद दिला की म्हणते, "आई, आप ही पढ दो ना!"

तुम्ही गेलात त्याला दहा वर्षं झाली. या दहा वर्षांत मी एक वाक्य इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते कुणी उच्चारलं की माझं डोकं उठतं. "झोपेत गेले हो, भाग्यवान!" देवासला भेटणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. धारला माझ्या सासरी तर तेच अगदी जुन्या वळणाच्या शब्दांत सांगतात, की पुण्यवंताला असं मरण येतं. कसलं भाग्य अण्णा? बासष्टाव्या वर्षी? निवृत्तीचा हार सुकला नव्हता, नातवंडांना सायकल शिकवायची राहिली होती, आईला एकदा घेऊन साताऱ्याकडचं आपलं मूळ गाव दाखवायचं राहिलं होतं. ज्याला हे भाग्य वाटतं त्याने ते स्वतःच्या घरी न्यावं. मला नको.

तो रविवार तुम्हाला आठवतो का? प्रकाशला नोकरी लागली होती. चौहानकाका सोनकच्छहून घरचं तूप घेऊन आले होते. तुम्ही दोघं कारखान्यात एकाच खात्यात, मशिनांच्या दुरुस्तीत, इतकी वर्षं काढलीत, की बायकांपेक्षा एकमेकांना जास्त ओळखत होतात. अंगणात कंडे, म्हणजे आपल्या गोवऱ्या, पेटवले. माळव्यात दाल-बाफले करायचे म्हणजे ते पुरुषांचं काम, आणि त्याचा थाट लग्नासारखा. कणकेचे गोळे आधी उकडायचे, मग निखाऱ्यांवर भाजायचे, मग फोडून तुपात बुडवायचे. तुम्ही धुरात डोळे चोळत होतात आणि आईला ओरडून सांगत होतात, "आज मला मोजू नका, आज शुगरला सुट्टी!"

मी मुलांना घेऊन धारहून आले होते. मीच वाढत होते. बाफल्यांसोबतचा लाडू तुमच्या ताटापासून लांब ठेवला तर तुम्ही चौहानकाकांच्या ताटातला उचललात. "कटकट!" मला म्हणालात. लहानपणापासून माझं तेच नाव ठेवलं होतंत ना?

बाफले झाले की माळव्यात माणूस आडवा होतो. हे तर ठरलेलंच. त्याला कुणी उठवत नाही, उठवणाऱ्यालाच लोक वेड्यात काढतात. दुपार गेली ती गेली. बैठकीत सतरंज्या घातल्या, जो तो जागा मिळेल तिथे पसरला, घोरण्याची स्पर्धा लागली. तुम्हाला मात्र घाम आला होता. मार्गशीर्षातली थंडी, आम्ही स्वेटर घालून बसलेलो, आणि तुमचा बनियन ओला. तुम्ही तो बदललात, ओवा मागून घेतलात, ढेकर येत नाही म्हणालात. "आज जरा जास्तच चढले," असं हसत म्हणून आतल्या खोलीत जाऊन पडलात.

आईने एकदा डोकावून पाहिलं. चौहानकाका सतरंजीवरूनच म्हणाले, "सोने दो भाभी, बाफले चढ गए हैं भिया को." आतून तुम्हीही म्हणालात, "झोपू दे गं." आईने मुलांना अंगणात काढलं, दार हलकेच लोटलं आणि तुमच्यासाठी घर शांत केलं.

चहाच्या वेळी तिने दाराशी जाऊन हाक मारली. "अहो, चहा झाला." मग पुन्हा एकदा. मग जरा मोठ्याने. तुम्ही ओ दिली नाही.

अण्णा, दुसऱ्या कुठल्या गावात घाम फुटलेला, ढेकर अडलेला, गळून गेलेला माणूस असा झोपू दिला असता का कुणी? रिक्षा बोलावली असती. आपल्या घरात सतरा माणसं होती आणि सगळ्यांना ती बाफल्यांचीच झोप वाटली. मी कितीतरी वर्षं त्या सगळ्यांवर मनातल्या मनात खटला चालवला. आता तो खटला मी काढून टाकला आहे. कुणाला कळणार होतं? तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की छातीत दुखतंय.

कारण दुखतच नव्हतं. हे मला आत्ता, गेल्या काही महिन्यांत कळलं आहे.

तुमच्या बुटात खिळा घुसला होता तो दिवस आठवा बरं. तुम्ही कारखान्यातून घरापर्यंत चालत आलात, मोजा रक्ताने भरलेला, आणि तुम्हाला पत्ता नाही! आई किंचाळली तेव्हा तुम्ही पायाकडे बघितलंत. वर आम्हालाच ऐकवलंत, "बघा, याला म्हणतात सहनशक्ती." सहनशक्ती कसली! शुगरने तुमच्या पायाच्या नसा बधिर केल्या होत्या. ती जखम किती महिने चिघळली. पायाच्या नसा बधिर होतात तशाच हृदयाच्याही होतात, हे तेव्हा आपल्याला कुणी सांगितलं नाही. कुणी सांगितलं असतं तरी तुम्ही ऐकलं असतं का, हा वेगळा प्रश्न!

तुमचं सूत्र एकच. "दुखतंय का? नाही ना? मग झालं तर." त्या सूत्रावर तुम्ही घर चालवलंत, आजारपणं निभावलीत. टेकरीवर देवीला जाताना निम्म्यात थांबायला लागलात, तर म्हणायचात, "इथून देवास काय सुंदर दिसतं!" आधी कधी दिसलं नव्हतं का? आयुष्यभर धडाधड चढणारा माणूस अचानक निसर्गप्रेमी झाला आणि आम्ही कौतुकाने तुमच्याबरोबर खाली बघत उभे राहिलो.

आणि तुमच्या त्या शुगरच्या परीक्षा! आता हसू येतं, पण तेव्हाही मला संतापच यायचा. कारखान्यातली शुगरची तपासणी जवळ आली की तुम्ही अभ्यासाला बसल्यासारखे कारल्याच्या रसाला बसायचात. भात बंद, चहा फिका, जांभळाच्या बियांची पूड, सकाळ-संध्याकाळ चालणं. रक्त दिलं, आकडा बरा आला, की लॅबच्या समोरच्याच दुकानात जिलबी. "पास झालो भिया!" असं चौहानकाकांना सांगायचात आणि त्यांनाही खाऊ घालायचात. त्यांनाही शुगर होती! दोघं मिळून परीक्षेचा निकाल साजरा करत होतात. फसवत कुणाला होतात अण्णा? डॉक्टरला?

आता माझी गोष्ट ऐका. मला शुगर निघाली तेव्हा काकू म्हणाल्या, "अण्णांचं रक्त, दुसरं काय!" जणू काही तुम्ही मला मृत्युपत्रात लिहून दिली होती. मी ठरवलं, रक्त त्यांचं असू दे, पण रीत त्यांची चालवायची नाही. घोकंपट्टी नाही. रोज जेवते तसंच जेवत राहून तपासणीला जायचं आणि जो आकडा येईल त्याच्याकडे सरळ बघायचं. तुमच्या जावयांनाही मी सकाळी किल्ल्याच्या बाजूने चालायला लावलं. ते बिचारे कॉलेजात शिकवतात, कुणालाच नाही म्हणत नाहीत, मला तर नाहीच.

चार-पाच वर्षं चांगली गेली. माझी शुगर ताब्यात, वजन बेताचं. मग या वर्षी इंदूरच्या डॉक्टरीणबाईंनी नेहमीच्या तपासण्यांबरोबर आणखी एक लिहून दिली. सी.आर.पी. नावाची. शरीरात कुठे आतल्या आत सूज धुमसत असली की लिव्हर एक प्रथिन रक्तात सोडतं, ते त्यात मोजतात. माझं वाढलेलं निघालं.

त्यांनी विचारलं, ताप आला होता का, हिरड्या सुजल्यात का, सांधे धरतात का, कुठे जखम आहे का? काहीच नव्हतं. मग काही आठवडे जाऊ दिले आणि पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा तेच. तेव्हा त्या म्हणाल्या, "देखिए, इस एक टेस्ट से कुछ साबित नहीं होता. कई लोगों का बढा रहता है और दिल एकदम ठीक निकलता है. पर आपको शुगर है, और पिताजी आपके ऐसे गए. दिल की जांच करवा लेते हैं. टालिए मत."

मी म्हटलं, "लेकिन मुझे तो कुछ दुखता ही नहीं." आणि म्हणताच मला तुमचा आवाज ऐकू आला, माझ्याच तोंडून! इतकी दचकले की पुढचं त्या काय म्हणाल्या ते धड ऐकलंच नाही.

बसमध्ये इंदूरहून धारला परत येताना मला आपला कूलर आठवला. मे महिना होता, मी कॉलेजात होते. कूलर छान चालला होता, आवाज नाही, खडखड नाही, गार हवा येत होती. तुम्ही कामावरून आलात, जाता जाता मोटरवर तळवा ठेवलात आणि सरळ बटण बंद केलंत. आम्ही सगळे बोंबललो. तुम्ही मोठा स्क्रूड्रायव्हर आणलात, त्याचं टोक मोटरच्या बेअरिंगवर टेकवलंत, मूठ माझ्या कानाशी धरलीत आणि मोटर फिरवलीत. आत काहीतरी करकरत होतं, अगदी बारीक. "अंग गरम झालंय हिचं," तुम्ही म्हणालात. "आवाज बाहेर येईपर्यंत थांबलो तर मोटर जळेल. शांत चालतंय म्हणजे ठीक चालतंय, असं समजायचं नाही."

असं समजायचं नाही! हे तुम्ही म्हणालात, अण्णा! कूलरला! कारखान्यातल्या प्रत्येक मोटरवर तळवा ठेवत तुम्ही आयुष्य काढलंत आणि स्वतःच्या अंगाला मात्र "दुखत नाही ना" एवढंच विचारत राहिलात. त्या बसमध्ये मला तुमचा इतका राग आला की शेजारची बाई विचारायला लागली, "क्या हुआ बेनजी, तबियत ठीक नी हे क्या?" मी रडत होते, मला कळलंच नव्हतं.

ती सी.आर.पी. म्हणजे दुसरं काय हो? मोटरवर ठेवलेला तळवाच ना? कुठलं बेअरिंग जातंय ते तिला सांगता येत नाही. अंग गरम आहे, एवढंच सांगते. पुढे स्क्रूड्रायव्हर लावून ऐकायचं की नाही, ते आपण ठरवायचं. तुमच्या वेळी आपल्याकडे ही तपासणी कुणाला ठाऊक नव्हती, त्याबद्दल मी तुम्हाला बोल लावत नाही. पण टेकरीवरचं ते थांबणं होतं, खिळा होता, न भरणारी जखम होती. तुमचं अंग किती गरम होतं अण्णा, आणि आम्ही सगळे गार हवा खात बसलो होतो.

हृदयाच्या तपासणीची तारीख मिळाली आणि ती नेमकी तुमच्या तिथीची निघाली.

मग जे महाभारत झालं ते तुम्ही तिथून पाहिलंच असेल. प्रकाशचा फोन. "ताई, यार, तू पण ना! दहावं वर्ष आहे. चौहानकाका मुद्दाम येणार आहेत, संध्याकाळी सगळ्यांसाठी बाफले ठरलेत. तुझी शुगर नॉर्मल आहे ना? कुठे दुखतंय का? नाही ना? फिर? खाली-पिली टेन्शन कशाला? पंधरा दिवसांनी जा."

मी म्हटलं, "प्रकाश, दुखत नाही म्हणूनच जायचंय."

त्याला ते कळलं नाही. त्याच्याही आवाजात तुमचा आवाज होता. तो म्हणाला, "अण्णांपेक्षा तपासणी मोठी का?" मी म्हटलं, हो, मोठी आहे. अण्णांना जे मिळालं नाही ते मी घ्यायला चाललेय. त्यांच्या नावाने बाफले खाऊन मी तुम्हा सगळ्यांबरोबर सतरंजीवर आडवी होणार नाही. फार जोरात बोलले असेन. तुमचे जावई चष्मा पुसत शेजारी उभे होते, एवढंच म्हणाले, "पहाटेची बस धरू या."

तिथे त्यांनी छातीला वायरी लावल्या आणि मला चालत्या पट्ट्यावर उभं केलं. पट्टा हळूहळू वेग घेतो आणि पुढून उचलतो, अगदी टेकरी चढल्यासारखं. मी चढत होते. तिथला माणूस विचारत होता, "सीने में दर्द?" नाही. "घबराहट?" नाही. "चक्कर?" नाही. खरंच काही होत नव्हतं, जरा दम लागला होता इतकंच. आणि अचानक त्यांनी पट्टा थांबवला.

"बंद क्यों किया? मैं तो चल रही हूँ!" मी भांडायलाच उठले. डॉक्टरीणबाईंनी तो लांब कागद माझ्यासमोर धरला. त्यावरच्या रेघा निम्म्यापासून खाली बसत गेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आपको पता नहीं चल रहा. दिल को चल रहा है."

मी तिथेच स्टुलावर बसले. अण्णा, मला त्या क्षणी भीती वाटली नाही. मला तुम्ही दिसलात, ओला बनियन बदलताना, हसताना. इतका एकटा होतात तुम्ही तेव्हा? घरभर माणसं आणि तुमचं हृदय तुम्हालासुद्धा न सांगता बुडत होतं!

त्यांनी मला घरी सोडलंच नाही. दुसऱ्या दिवशी नळी घातली. मोठ्या धमनीत एका जागी वाट जवळजवळ बुजली होती. तिथे जाळीची नळकांडी बसवली. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या की अशा वेळी पहिलाच झटका मोठा येतो, आणि शुगरच्या माणसाला तो कळतोही असं नाही. माणूस थकलोय म्हणून जरा पडतो. मी म्हटलं, मला ठाऊक आहे. आमच्याकडे त्याला बाफल्यांची झोप म्हणतात.

तर ही माझी बाजू. मी तिथीला आले नाही, आणि त्याची मला तीळभर लाज नाही. पुन्हा तसाच पेच पडला तर पुन्हा मी इंदूरच्या बसमध्येच बसेन. रक्त तुमचं आहे, नाक तुमचं आहे, तापट डोकं तुमचं आहे, सगळं मिरवते. मरण तेवढं तुमचं घेणार नाही.

प्रकाशलाही पकडलं आहे. हॉस्पिटलात मला भेटायला आला, माझ्या नळ्या बघून पांढराफटक पडला. मी पडल्या पडल्या म्हटलं, "बस तिथे. डॉक्टरीणबाई, याचंही रक्त घ्या." तो म्हणाला, "ताई, दोन दिवस दे ना, जरा परहेज करतो, मग देतो." ऐकताय ना अण्णा? परीक्षेची तयारी! तिथल्या तिथे बाही वर करायला लावली. चौहानकाकांचीही पाळी येणार आहे. ते फोनवर म्हणाले, "बेटी, म्हने कईं नी होयो." मी म्हटलं, काका, मला काही झालेलं नाही, हेच तर अण्णाही म्हणायचे. तेव्हा कुठे ते हो म्हणाले.

आता कावळ्याचं. कारण खरी गोष्ट काकूंनी सांगितलीच नसेल. ती प्रकाशने मला नंतर, हॉस्पिटलच्या खुर्चीत मान खाली घालून सांगितली.

सगळे काव काव करून थकले तेव्हा आई गच्चीवर आली. गुडघे धरलेले, जिना चढत नाही एरवी. पानासमोर उभी राहिली, हात जोडले नाहीत, काही मागितलं नाही. म्हणाली, "अहो, शोभी गेली तेच बरोबर. आता मी कुणासाठी दार लोटणार नाही." मग ती खाली गेली, तिच्या मागोमाग सगळे गेले, आणि गच्ची मोकळी झाल्यावर कावळा आला. प्रकाशला तो चमत्कार वाटतो. मला वाटतं, इतकी माणसं हटल्यावर कुठलाही कावळा आला असता. पण आईने तसं म्हटलं, ते मात्र खरं आहे.

अण्णा, तुम्ही गेल्यापासून आईने त्या घरात दुपारी कुठल्याच खोलीचं दार लोटू दिलं नाही. आम्हाला वाटायचं, तिला वारा लागतो. पाहुणे कुरकुरायचे, नातवंडं चिडायची, ती उठून दार उघडून यायची. दहा वर्षं ती हे एकटी करत होती आणि आमच्यातल्या एकालाही कळलं नाही की ती कुठलं दार उघडते आहे. तिचा काही दोष नव्हता. तुम्हीच म्हणाला होतात ना, झोपू दे? मग तिला हे तुम्ही सांगा. स्वप्नात जा, काही करा, पण सांगा. माझं ती ऐकत नाही.

सध्या ती इथे आहे, धारला, माझ्यापाशी. पिशवी घेऊन आली आणि म्हणाली, तू चालायला लागेपर्यंत राहीन. दुपारी माझा डोळा लागतो न लागतो तोच खांद्यावर हात येतो. "शोभे. ए शोभे." मी म्हणते, काय गं? "काही नाही. झोप." जाते. जरा वेळाने पुन्हा पावलं, पुन्हा हात. काल मी वैतागून म्हटलं, "आई, झोपू दे ना गं!"

ती तिथेच उभी राहिली. म्हणाली, "एकदा झोपू दिलं होतं."

मी सरकून तिला शेजारी जागा करून दिली. तुमच्या कटकटीने, एकही कटकट न करता, म्हणजे बघा.

तेव्हा अण्णा, तुम्हाला वचन देते. पुढच्या तिथीला मी देवासला असेन, कंडे मी पेटवेन, चौहानकाकांच्या तुपात बाफले बुडतील, आणि मला सोसेल तेवढा एक मीही खाईन. जेवणं झाल्यावर शुगरचं कुणी आडवं झालं तर मी त्याला हलवून उठवेन, तो कितीही शिव्या देवो. लोक मला वेडी म्हणतील, म्हणू देत. पण हे सगळं पुढच्या वर्षीचं झालं. आजचं वचन एवढंच, की आईने दुपारी जितक्या वेळा हाक मारली तितक्या वेळा मी जागी होईन, आणि एकदाही न चिडता तिला ओ देईन.

आत्ताही तिची पावलं वाजतायत. थांबते.

तुमची,
कटकट